फिटनेस सर्टिफिकेटवर तिसरी ओळ हवी

आजारी रजेवरून परतणाऱ्या माणसाकडून कंपनी एक कागद मागते. त्यावर डॉक्टरची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि एक वाक्य असते: अमुक तारखेपासून हे कामावर रुजू होण्यास योग्य आहेत. टायफॉइड झाला, हात मोडला, अपेंडिक्स काढले, तर एवढे वाक्य पुरते. माणूस आजारी होता, बरा झाला, कामाला लागला. यकृताच्या कर्करोगात मात्र हे वाक्य क्वचितच पूर्ण खरे असते. निदान झाले त्या दिवशी माणूस निकामी झालेला नसतो आणि उपचारानंतर महिनाभराने पूर्वीसारखाही झालेला नसतो. त्याचा बहुतेक काळ या दोन्हींच्या मध्ये जातो. आठवड्यातले चार दिवस जमतील, दुपारपर्यंत जमेल, बसून जमेल, रात्रपाळी नको, शिडीवर चढवू नका. हे लिहायला त्या कागदावर जागाच नाही.

लिव्हर कॅन्सरमुळे काम करण्याची क्षमता घटते हे खरेच आहे. पण जेवढे काम प्रत्यक्षात बुडते, त्यातले सगळे काही गाठ बुडवत नाही. बराचसा भाग आपले रजेचे आणि विम्याचे नियम बुडवतात, कारण त्यांना ‘फिट’ आणि ‘अनफिट’ एवढे दोनच शब्द येतात. या दोन शब्दांच्या जोडीला तिसरी ओळ हवी, काय जमेल आणि काय नाही हे सांगणारी, आणि ती घालणे फार खर्चिकही नाही.

आधी आजार समजून घेऊ. यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी ७५ ते ८५ टक्के हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा या प्रकारचे असतात आणि ते बहुधा आधीच खराब झालेल्या यकृतात उगवतात. हिपॅटायटिस बी किंवा सीचा जुना संसर्ग, दारू, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारे फॅटी लिव्हर, बुरशी लागलेल्या शेंगदाण्या-मक्यातले अफ्लाटॉक्सिन ही त्याची नेहमीची कारणे. वर्षानुवर्षे सूज आणि व्रण होत होत यकृत घट्ट, गाठाळ होते, म्हणजे सिरॉसिस होतो, आणि त्यात कर्करोग धरतो. म्हणजे माणसाला एकाच वेळी दोन आजार असतात. म्हणून डॉक्टर गाठ मोजतात तसे यकृतही मोजतात. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटातले पाणी आणि मेंदूवरचा परिणाम अशा पाच गोष्टींना गुण देऊन चाइल्ड-प्यू श्रेणी ठरते. ५ ते ६ गुण म्हणजे ए, ७ ते ९ म्हणजे बी, १० ते १५ म्हणजे सी. तीन सेंटिमीटरची गाठ आणि ए श्रेणीचे यकृत असलेला माणूस उपचारांच्या मधल्या काळात कार्यालयीन काम जवळजवळ पूर्वीसारखे करू शकतो. तेवढीच गाठ आणि सी श्रेणीचे यकृत असलेल्याला दोन जिने चढणे जड जाते. एचआरच्या फायलीत मात्र दोघांच्या नावापुढे एकच शब्द असतो, कॅन्सर.

कामाच्या दृष्टीने यातली सर्वात धोक्याची आणि सर्वात कमी ओळखली जाणारी गोष्ट डोक्याशी संबंधित आहे. आतड्यात तयार होणारा अमोनिया खराब यकृत साफ करू शकत नाही, तो मेंदूपर्यंत पोचतो. पुढच्या टप्प्यात माणूस बरळतो, हात थरथरतात, ते घरच्यांना कळते. पण त्याआधी महिनोन् महिने एक छुपी अवस्था असू शकते. बोलणे नीट, वागणे नीट, पण लक्ष टिकत नाही, प्रतिक्रिया मंदावते, दिवसा डोळे मिटतात आणि रात्री झोप येत नाही. ओळखण्याच्या चाचण्या साध्या आहेत. कागदावर विखुरलेले १ ते २५ आकडे क्रमाने रेघेने जोडायला सांगतात आणि घड्याळ लावतात. किंवा एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी सांगा म्हणतात. पंधराहून जास्त आली तर सहसा काळजी नसते, दहाही आली नाहीत तर उपचार लागतात. अशा अवस्थेत असलेला हिशेबनीस बेरजेत चुकतो, ड्रायव्हर ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबतो, प्रेसवर काम करणाऱ्याचा हात वेळेवर मागे येत नाही. सुपरवायझर म्हणतो, कॅन्सर कळल्यापासून याचे मन कामात नाही. मनाचा यात काही दोष नसतो. लॅक्ट्युलोजचे पातळ औषध आणि गरज पडल्यास रिफॅक्सिमिनच्या गोळ्या यांनी यातला बराच भाग सुधारतो.

आता लॅक्ट्युलोजचे काम कसे चालते ते पाहा. १५ ते ३० मिलिलिटर दिवसातून दोन-तीनदा घ्यायचे, आणि दिवसाला दोन ते तीन मऊ शौच होतील असा डोस जुळवायचा. कमी झाले तर अमोनिया साचतो, जास्त झाले तर अंगातले पाणी जाऊन तोच त्रास उलटतो. म्हणजे या माणसाला जवळ, स्वच्छ आणि विचारल्याशिवाय जाता येईल असे संडास हवे. ज्या कारखान्यात लाइन सोडायला पाळीप्रमुखाची परवानगी लागते, ज्या डेपोत स्वच्छतागृह दूर आहे, तिथे माणूस औषधच टाळतो. सकाळचा डोस बुडवतो, संध्याकाळी घरी गेल्यावर घेतो, आणि दुपारी तीन वाजता मशीनसमोर डुलकी घेतो. त्याची उत्पादकता घसरली अशी नोंद होते, संडासाची नोंद कुठेच होत नाही.

तसेच खाण्याचे. खराब यकृतात साखरेचा साठा टिकत नाही, म्हणून रात्रभराच्या उपासातच शरीर स्नायू जाळू लागते. दर तीन-चार तासांनी थोडे खाणे, झोपण्याआधी काहीतरी पोटात जाणे आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने असा सल्ला असतो. आपल्याकडे अजूनही लिव्हरच्या रुग्णाला डाळ, अंडी, दूध बंद करून ऊसाचा रस आणि मऊ भात देतात. त्याने हातापायाचे मांस उतरते आणि थकवा वाढतो. कामावर दोन जेवणांच्या मध्ये दहा मिनिटांची मोकळीक आणि डब्यात मूठभर फुटाणे किंवा उकडलेले अंडे ही चैन नव्हे, उपचाराचाच भाग आहे. रात्रपाळीत ही सगळी साखळी तुटते, झोपेचे घड्याळ आधीच उलटे झालेले असते, म्हणून रात्रपाळी बंद ही पहिली सवलत असायला हवी.

उपचारांचे वेळापत्रकही कामाच्या जागी कुणाला माहीत नसते. लहान गाठ सुईने जाळून टाकली तर एक-दोन दिवस दवाखान्यात आणि साधारण आठवडाभर घरी. यकृताचा तुकडा कापून काढण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली तर बैठ्या कामाला सहा ते आठ आठवडे आणि ओझे उचलायला साधारण तीन महिने, नाहीतर टाक्यांच्या जागी हर्निया होतो. गाठीला रक्त नेणारी धमनी बंद करून तिथेच औषध सोडण्याची जी प्रक्रिया आहे, जिला दवाखान्यात सगळे ‘टेस’ म्हणतात, तिच्यानंतर ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, मळमळ असे काही दिवस ते आठवडा चालते. मग माणूस सावरतो. चार-सहा आठवड्यांनी स्कॅन होतो आणि गरज पडली तर पुन्हा तेच. शिरेतून दिली जाणारी अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी दर २१ दिवसांनी असते. म्हणजे बहुतेक उपचारांत वाईट दिवस कोणते हे बऱ्यापैकी आधी सांगता येते. टेसची तारीख ठरली की कंपनीला त्या आठवड्याची बदली व्यवस्था लावता येते आणि नंतरच्या तीन-चार आठवड्यांचे काम ठरवता येते. पण आपल्याकडे माणूस तारीख लपवतो, कारण ती सांगण्यासाठी आजार सांगावा लागतो. मग अचानक खाडा पडतो, पुन्हा पडतो, आणि तिसऱ्या खाड्याला शिस्तभंगाची नोटीस निघते.

गोळ्यांच्या उपचाराकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. सोराफेनिबच्या २०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज, दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी, रिकाम्या पोटी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाने मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण निदान जितका काळ जगले तो काळ, ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेले. आता त्याहून सरस उपचार आहेत, नंतरच्या एका मोठ्या चाचणीत वर सांगितलेल्या जोडीने ते १९ महिन्यांपर्यंत नेले. तरी खिशाकडे पाहून सोराफेनिब आजही लिहून दिले जाते. पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत पुष्कळांच्या तळहातांना आणि तळपायांना लाली, जळजळ, जाड सालपट आणि फोड येतात. नेमके जिथे दाब पडतो तिथे. पाना धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या मुळाशी, पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या तळव्याच्या कडेला, दिवसभर उभ्या असलेल्या वॉचमनच्या टाचेवर. टेबलावर काम करणाऱ्याला हे त्रासदायक होते, हाताने काम करणाऱ्याला ते कामच बंद पाडते. उपाय माहीत आहेत. औषध सुरू करण्याआधी भोवऱ्या आणि जाड कातडी काढून घेणे, पहिल्या दिवसापासून युरियाचे मलम, मऊ तळाची पादत्राणे, आतून सुती हातमोजे, आणि त्रास वाढला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस कमी करून पुन्हा चढवणे. या दीड-दोन महिन्यांत माणसाला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये किंवा तपासणीच्या टेबलावर बसवले, तर बहुतेकांचे हात पुढे सावरतात. ते केले नाही तर तो एकतर औषध सोडतो किंवा नोकरी.

या औषधाशी आपल्या देशाच्या कायद्याचा एक मोठा निर्णय जोडलेला आहे. सोराफेनिबच्या, बायर या कंपनीने विकलेल्या नेक्सावार या ब्रँडची महिन्याची किंमत २,८०,४२८ रुपये होती. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको या हैदराबादच्या कंपनीला ते पेटंटधारकाच्या संमतीशिवाय बनवण्याचा, म्हणजे सक्तीचा, परवाना दिला, भारतातला पहिलाच, आणि १२० गोळ्यांची किंमत ८,८८० रुपये ठरवून दिली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाची गोळी परवडणे हा कंपनी आणि रुग्ण यांच्यातला खासगी व्यवहार नाही, सार्वजनिक प्रश्न आहे, हे तेव्हा मान्य झाले. गोळी घेण्याच्या काळात पगार कुठून येणार हा प्रश्नही तितकाच सार्वजनिक आहे, पण तो आजही माणूस आणि मालक यांच्यावर सोडलेला आहे.

कायद्यात आज काय आहे ते पाहू. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला आणि विमा उतरवलेला कामगार राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येतो. मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. आजारपणात वर्षाला ९१ दिवस सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. कर्करोगासारख्या ३४ दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभ आहे, ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी आणि त्या काळात किमान १५६ दिवसांचे हप्ते लागतात. लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही, असे संरक्षण १९४८ च्या कायद्याच्या कलम ७३ ने दिले. ही तरतूद चांगली आहे, आणि ज्यांना ती लागू आहे अशा पुष्कळांना ती माहीतही नसते. कंत्राटदार बदलताना मध्ये खंड पडला किंवा हप्ते भरलेच गेले नाहीत, तर १५६ दिवस भरत नाहीत, हा कंत्राटी कामगाराचा नेहमीचा घात.

पण याच कायद्याच्या कलम ६३ ने एक नियम घातला: ज्या दिवशी माणूस काम करेल त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ त्याला मिळणार नाही. वाचताना हे रास्त वाटते. आता हिशेब करा. महिना १८,००० वेतन, म्हणजे दिवसाला ६०० रुपये. वाढीव लाभावर घरी बसला तर दिवसाला ४८० मिळतात. टेसनंतर तीन आठवडे झाले, अंगात थोडी ताकद आली, अर्धा दिवस कामावर जावे असे त्याला आणि डॉक्टरलाही वाटते. गेला, तर मालक अर्ध्या दिवसाचे ३०० देणार आणि विमा शून्य. म्हणजे काम केल्याबद्दल त्याला रोज १८० रुपयांचा दंड. कुठला शहाणा माणूस जाईल? समजा नियम असा केला की अर्धा दिवस काम केले तर अर्धा लाभ चालू राहील. मग ३०० अधिक २४०, असे ५४० त्याच्या हाती येतात. ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाचे २४० वाचतात, मालकाला अनुभवी हाताचे अर्ध्या दिवसाचे काम मिळते. तिघांपैकी कुणाचेही नुकसान नाही. स्वीडनमध्ये आजारपणाचा लाभ पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा टप्प्यांत घेता येतो. ही कल्पना आपल्या नियमांत बसवायला नवा पैसा लागत नाही, एक वाक्य लागते. २०२० मध्ये कामगार कायदे चार संहितांत नव्याने मांडले गेले, तेव्हाच याचा विचार व्हायला हवा होता.

२१,००० च्या वरचा माणूस तर अधिकच उघडा आहे. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांत वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा आणि वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा देतो, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातही नव्हती. म्हणजे मॉलमधला ३०,००० पगाराचा व्यवस्थापक यकृताची शस्त्रक्रिया करून घेतो तेव्हा त्याची साठवलेली रजा सातव्या-आठव्या आठवड्यात संपते, नेमकी तो खुर्चीत बसण्याजोगा होतो तेव्हा, आणि पुढचा प्रत्येक स्कॅन बिनपगारी. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या रजा नियमांत क्षयरोग, कुष्ठरोग, पक्षाघात यांच्या जोडीला कर्करोगासाठी विशेष रजेची सोय आहे. त्याच इमारतीत कंत्राटावर बसलेल्या संगणकचालकाला ती नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दवाखान्याला, घराला नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये आरोग्यश्री या आपल्या उपचार योजनेच्या जोडीला ‘आरोग्य आसरा’ सुरू करून उपचारानंतर सक्तीने विश्रांती घ्यावी लागणाऱ्यांना दिवसाला २२५ रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५,००० अशी मदत ठेवली होती. आपल्याकडे मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोड कामगाराला असा काही आधार असता, तर टेस झाल्यावर पाचव्या दिवशी तो फडात दिसला नसता.

भेदभावाविरुद्धचे संरक्षणही तुटपुंजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत कर्करोग नाही. सरकारी नोकरीत दिव्यांगत्व आले तर काढता येत नाही, तशाच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते, ही त्याच कायद्यातली उत्तम तरतूद कर्करोगाच्या रुग्णाला आपोआप मिळत नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात निदानाच्या दिवसापासूनच कर्करोग हे अपंगत्व मानले जाते आणि मालकाने कामात वाजवी बदल करणे बंधनकारक ठरते. तिथे नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला हे संरक्षण आहे, त्याच कंपनीच्या हिंजवडीतल्या कार्यालयातल्या त्याच्या भावाला नाही. उलट, सततच्या आजारपणाच्या कारणावरून सेवा संपवणे ही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार कपात मानलीच नव्हती, त्यामुळे कपातीची भरपाईही द्यावी लागत नसे.

या सगळ्यात उत्पादकतेचे मोजमापही तपासून पाहावे लागते. संशोधक बहुधा १९९३ पासून प्रचलित असलेली सहा प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. गेल्या सात दिवसांत आजारामुळे किती तास बुडाले, किती तास काम केले, आणि काम करताना आजाराने किती अडवले ते ० ते १० मध्ये सांगा. पगारी नोकरीसाठी ती उपयोगी आहे, विशेषतः काम करताना किती अडवले हा प्रश्न, कारण हजेरी लागते पण हात चालत नाही ही अवस्था मस्टरवर कधीच दिसत नाही. पण बुडालेल्या तासांना पगाराने गुणून नुकसान काढले की शेतात आणि घरात राबणाऱ्या बाईचे नुकसान शून्य येते. आणि तिचा नवरा रुग्ण असेल तर दर २१ दिवसांनी त्याला घेऊन तालुक्याहून मुंबईला परळला जाण्यात तिचे जे दोन-तीन दिवस जातात, तेही शून्य.

यकृत प्रत्यारोपणात तर दोन माणसे कामावरून उठतात. भारतात बहुतेक यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात आणि दाता घरातलाच असतो, मुलगा, बायको, भाऊ. दात्यालाही बैठ्या कामासाठी सहा-आठ आठवडे आणि जड कामासाठी तीन महिन्यांच्या आसपास थांबावे लागते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी ४२ दिवसांची विशेष किरकोळ रजा दिली. खासगी नोकरीतल्या दात्याचे यकृत वेगळ्या वेगाने भरून येत नाही. त्यालाही तीच रजा कायद्याने मिळाली पाहिजे.

मालकांची बाजू खोटी नाही. बारा माणसांच्या वर्कशॉपमध्ये एक टर्नर अर्ध्या दिवसाने आला तर ऑर्डर अडते. हलके काम द्या म्हणणे सोपे, तिथे हलके काम असतेच कुठे? आणि ज्याची प्रतिक्रिया मंदावली आहे त्याच्या हाती मशीन दिले आणि बोट गेले तर जबाबदार कोण? या शेवटच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे की आजची पद्धतच ही भीती खरी करते. पूर्ण फिट असा कागद आणल्याशिवाय घेत नाही म्हटल्यावर माणूस कुठल्या तरी डॉक्टरकडून तो कागद आणतो आणि थेट त्याच मशीनवर जातो. काय करता येईल, काय नाही, हे लिहून देणारा कागद मालकालाही जास्त सुरक्षित ठेवतो. लहान वर्कशॉपचा भार एकट्या मालकावर टाकू नये हेही आम्हाला मान्य आहे. अर्ध्या लाभाची सूचना त्यासाठीच आहे.

आणि सगळ्यांना कामावर ओढावे असे तर आमचे मुळीच म्हणणे नाही. यकृताचा कर्करोग आपल्याकडे पुष्कळदा उशिरा सापडतो. पोटात पाणी भरते, ते दर पंधरा दिवसांनी काढावे लागते, कावीळ उतरत नाही, अशा माणसाला हवी असते ती निवांत, पगारी सुटी आणि हक्काचा पैसा, कर्तबगारीचे प्रमाणपत्र नव्हे. अर्धवट फिट ही सोय कुणाला कामावर यायला भाग पाडण्यासाठी वापरली गेली तर तिचा हेतूच बुडाला. म्हणून ती रुग्णाच्या मागणीवरूनच सुरू व्हावी आणि रुग्णाच्या सांगण्यावरून बंद व्हावी.

कागद कसा असावा याचे नमुने जगात आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर ‘कामास योग्य नाही’ याच्या जोडीला ‘पुढील सवलती दिल्यास कामास योग्य असू शकतात’ असा पर्याय आला. हळूहळू वाढवत जाणारे तास, बदललेल्या वेळा, बदललेले काम, कामाच्या जागेत फेरफार, असे चार चौकोन त्याखाली आहेत. जपानच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आणखी एक शहाणपणाची पायरी आहे. आधी कामाच्या जागेकडून डॉक्टरकडे माहिती जाते: हा माणूस नेमके काय करतो, किती वजन उचलतो, उभा असतो की बसलेला, कोणत्या पाळीत, प्रवास किती. मग डॉक्टर मत देतो. आपल्याकडे डॉक्टरला रुग्णाचे काम ‘सर्व्हिस’ एवढेच माहीत असते. तिथून ‘हलके काम द्यावे’ असा मोघम शेरा येतो, ज्याचा अर्थ एचआरला लागत नाही आणि फोरमनला लावायचा नसतो.

मराठीत ती तिसरी ओळ अशी लिहिता येईल: ‘सोमवार ते गुरुवार, रोज चार तास. दिवसपाळीच. पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. उंचीवर, वाहनावर आणि उघड्या फिरत्या यंत्रावर काम नको. दर तीन तासांनी खाण्यासाठी दहा मिनिटे, स्वच्छतागृहास जाण्यास मोकळीक. पुढील उपचाराचा आठवडा अमुक तारखेपासून. हा शेरा चार आठवड्यांसाठी आहे, त्यानंतर फेरतपासणी.’ यात कुठेही कर्करोग हा शब्द आलेला नाही हे मुद्दाम. कंपनीला निदान कळण्याची गरज नसते, मर्यादा कळल्या की पुरते. ईएसआयच्या दवाखान्यांत हा नमुना महामंडळ आदेशाने लागू करू शकते. लिहायला डॉक्टरची पाच मिनिटे जास्त लागतील. जिथे एका सकाळी शंभर रुग्ण असतात तिथे ही पाच मिनिटे सोपी नाहीत, म्हणून समाजसेवा अधीक्षकांनी माहितीचा भाग आधी भरून घ्यावा आणि डॉक्टरांनी मर्यादा तेवढ्या लिहाव्यात.

आणखी एक मागणी आहे, ती आजार व्हायच्या आधीची. ज्यांना सिरॉसिस आहे, किंवा जुना हिपॅटायटिस बी असून धोका जास्त आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायची असते, सोबत एएफपीची, म्हणजे यकृताच्या कर्करोगात बहुधा वाढणाऱ्या एका प्रथिनाची, रक्त तपासणी. गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडली तर सुईने जाळून माणूस आठवड्याभरात कामावर येतो. आठ सेंटिमीटरची असताना सापडली तर वर लिहिलेले सगळे सुरू होते. सोनोग्राफीला सकाळी उपाशीपोटी जावे लागते, रांग, रिपोर्ट धरून अर्धा दिवस. वर्षाला दोन अर्धे दिवस, म्हणजे एक दिवस. पण ही सुटी मागायला हिपॅटायटिस बी आहे हे सांगावे लागते, आणि नोकरीपूर्व तपासणीत तो अहवाल पॉझिटिव्ह आला की नेमणुकीचे पत्र थांबल्याच्या तक्रारी येतात. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना २०१७ च्या कायद्याने नोकरीतल्या भेदभावापासून संरक्षण दिले, हिपॅटायटिस बीसाठी तसा कायदा नाही. हा विषाणू सोबत बसल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. नोकरीपूर्व तपासणीतून ही चाचणी काढून टाकावी, तीक्ष्ण हत्यारांशी आणि रक्ताशी संबंध येणाऱ्या सर्वांना मालकाने लस द्यावी, आणि कारण न विचारता वर्षाला दोन अर्ध्या दिवसांची पगारी तपासणी रजा प्रत्येक आस्थापनेच्या नियमांत घालावी. दुकाने व आस्थापना कायदा राज्याचा आहे, त्यासाठी दिल्लीकडे पाहावे लागत नाही.